बाटलीच्या तळाशी राहिलेले औषध

वाचकाचे पत्र, थोडक्यात : परभणी जिल्ह्यातील एका गावातून एका गृहिणीने हे पत्र पाठवले आहे. सोयाबीनच्या मळणीत त्यांच्या ५८ वर्षांच्या सासऱ्यांच्या उजव्या डोळ्यात भुसकट उडाले. शेजारच्या आजींनी ते जिभेच्या टोकाने काढले. दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला म्हणून औषध दुकानातून थेंब आणले. दोन दिवस लाली उतरली, नंतर ठणका वाढला, उजेड सहन होईना आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला. आठव्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञांनी जखम खरवडून तपासली, बुरशी असल्याचे सांगितले, नॅटामायसिनचे थेंब दर तासाला आणि अ‍ॅट्रोपिनचे दिवसातून तीनदा घालायला दिले. पहिल्या तीन रात्री जागून आणि त्यानंतर रोज सकाळी सात ते रात्री दहापर्यंत या बाईंनी ते घातले. आज बावीस दिवस झाले, चौथी बाटली संपत आली आहे. पत्रात त्यांनी ओघात असेही लिहिले आहे की, बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसतो, तो डोळ्यात जाऊन खुपू नये म्हणून त्या बाटली अजिबात न हलवता अलगद तिरकी करतात आणि वरचे निवळ औषध तेवढे घालतात. डॉक्टर म्हणतात, जखम हटत नाही, आठवडाभर पाहू, नाही तर बुबुळ बदलावे लागेल. दीर म्हणतात, हे औषध आजच बंद करून हैदराबादला नेऊ. सासूबाईंना पलीकडच्या गावातल्या जाणकाराचा झाडपाल्याचा रस घालून पाहायचा आहे. सासरे म्हणतात, ‘दुसऱ्याचा डोळा मला नको, एक आहे तेवढा पुरे.’ आणि थेंबांच्या वेळा तुझ्याकडूनच चुकल्या, असा ठपका या बाईंवर आला आहे. औषध बदलावे की डॉक्टर, शस्त्रक्रियेला नकार द्यावा का, आणि चूक खरोखर माझी आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेलेच नाही. साका डोळ्यात खुपेल म्हणून तुम्ही वरचे निवळ औषध तेवढे घालता, हे ते वाक्य. मी ते दोनदा वाचले. ताई, तो साका म्हणजे घाण नव्हे. तो साका म्हणजेच औषध आहे.

नॅटामायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे त्याचे अतिशय बारीक कण पाण्यात तरंगते ठेवून हे थेंब तयार करतात आणि बाटली थोडा वेळ उभी राहिली की ते कण खाली बसतात. ताकाचे भांडे रात्रभर तसेच राहिले की वर निवळ पाणी येते. ते पाणी पिऊन ताक प्यायलो असे कोणी म्हणत नाही. तुमच्या सासऱ्यांच्या डोळ्यात बावीस दिवस बहुतेक वेळा अशी निवळीच गेली असावी. औषध मुळीच गेले नाही असे मी म्हणणार नाही, कारण बाटली तिरकी केली की थोडे कण येतातच. परंतु औषधाची जी ५ टक्क्यांची मात्रा ठरलेली आहे, ती प्रत्येक थेंबात पोहोचली नसणार. आजपासून प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवा आणि थेंब दुधासारखा पांढरट दिसला तरच तो डोळ्यात जाऊ द्या. असे घालू लागल्यावर पापणीच्या आत आणि डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरा थर साचलेला दिसेल. त्याला पू समजून घाबरू नका आणि कापसाने कोरून काढू नका. तो औषधाचाच थर आहे. पापणीबाहेर आलेला तेवढा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने टिपला म्हणजे पुरे.

आता चूक कोणाची, त्याविषयी. घरातले म्हणतात की तुम्ही वेळा चुकवल्या, तर आपण हिशोबच करू. पाच मिलिलिटरच्या बाटलीतून साधारण १०० थेंब निघतात. सात ते दहा या वेळात रोजचे १६ थेंब धरले तर २२ दिवसांचे ३५२ होतात आणि पहिल्या तीन रात्रींचे वीस-पंचवीस वेगळे. म्हणजे पावणेचार बाटल्या. तुमची चौथी संपत आली आहे. स्वयंपाक, धुणे, जनावरे आणि मुलांची शाळा सांभाळून याहून काटेकोर थेंब कोणी घालू शकले असते असे मला वाटत नाही, आणि हा हिशोब तुम्ही दिरांना कागदावर मांडून दाखवावा. बाटली न हलवण्याची चूक मात्र झाली आहे, ती मी झाकणार नाही. पण ती काळजीपोटी झालेली चूक आहे आणि तिचा मोठा वाटा आम्हा डॉक्टरांकडे येतो. हलवण्याची सूचना लेबलवर असते ती मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. मीदेखील व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत चिठ्ठीवर औषधाचे नाव आणि ‘दर तासाला’ एवढेच लिहून पुढच्या रुग्णाला हाक मारीत असे. बाटली हातात घेऊन, हलवून, एक थेंब समोर घालून दाखवायला दीड मिनिट लागते आणि बाहेर शंभर माणसांची रांग असली की सर्वांत आधी कात्री लागते ती या दीड मिनिटाला.

हे सगळे आधी सांगितले, कारण तुमच्या घरात सध्या चालू असलेला वाद एका गृहीतावर उभा आहे : औषध पोटभर दिले, तरी बुरशी हटली नाही, म्हणजे औषध कुचकामी किंवा डॉक्टर कुचकामी. बुरशी चिवट असते यात शंका नाही. पण ती हटत नाही असे म्हणण्याआधी तिच्यापर्यंत काय पोहोचले, ती खरोखर बुरशीच आहे का आणि तिला कोणी खतपाणी घातले का, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

खतपाण्याचा प्रश्न औषध दुकानातून आणलेल्या त्या पहिल्या बाटलीचा आहे. दोन दिवसांत लाली उतरली आणि मग दुखणे उसळले, ही हकिकत मी इतक्यांदा ऐकली आहे की त्या थेंबांत स्टेरॉइड असावे, असा माझा दाट संशय आहे. बाटली घरात असेल तर नावात ‘डेक्सा’, ‘प्रेड’ किंवा ‘बीटा’ अशी अक्षरे आहेत का ते पाहा. स्टेरॉइड डोळ्याची सूज आणि लाली दाबते, म्हणजेच शरीराने बुरशीविरुद्ध उभी केलेली फळीही दाबते. वरून डोळा निवळलेला दिसतो आणि आत बुरशीचे तंतू निर्धास्त पसरत राहतात. सापडली तर ती बाटली डॉक्टरांना दाखवा आणि नंतर फेकून द्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले, शेजाऱ्याचे, जुने असे कोणतेही थेंब भुसकट किंवा पाचट लागलेल्या डोळ्यात कधीही घालू नयेत.

आणि लाली हा फसवा मापक आहे, हे याच बाटलीवरून लक्षात घ्या. तुम्ही सगळे अजूनही डोळा किती लाल आहे यावरून औषधाचे मोल ठरवत आहात. बुरशीच्या जखमेत औषध लागू पडत असतानाही लाली आणि पांढरेपणा कित्येक दिवस तसाच राहू शकतो. डॉक्टर पाहतात ते वेगळे असते : जखमेच्या कडा सुरुवातीला पिंजलेल्या कापसासारख्या धूसर असतात, त्या गोलसर आणि ठळक होऊ लागल्या का, मुख्य ठिपक्याच्या आसपास उठलेले छोटे ठिपके पुसट झाले का, बुबुळाच्या तळाशी साचलेल्या पुवाची पातळी उतरली का. पहिल्या आठवड्यात जखम वाढायची थांबली तरी ते चांगले लक्षण मानतात. म्हणून पुढच्या तपासणीला ‘फरक आहे का’ असे मोघम विचारू नका. मागच्या वेळी जखम किती मिलिमीटर होती, आज किती आहे, खोली किती आहे आणि कडेपासून ती किती दूर आहे, असे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. बहुतेकांच्या केसपेपरवर जखमेचे चित्र काढलेलेच असते.

इतका वेळ का लागतो, हे सासऱ्यांना समजावताना एक गोष्ट उपयोगी पडेल. आपण बोलताना ज्याला बुबुळ म्हणतो त्याच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. जखम त्या पडद्यावर आहे. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते आणि पारदर्शक राहायचे म्हणून त्यात रक्तवाहिन्या नसतात. हाताला कापले तर रक्त धावून येते, औषध आणि पांढऱ्या पेशी सोबत आणते. इथे तो रस्ताच नाही. औषध वरून झिरपवावे लागते आणि नॅटामायसिन खोलवर झिरपण्यात कच्चे आहे. म्हणूनच दर तासाला थेंब, म्हणूनच डॉक्टर मधूनमधून जखमेचा वरचा थर खरवडतात आणि म्हणूनच पूर्ण औषध मिळाले तरी उपचार तीन ते सहा आठवडे आणि पुष्कळदा त्याहूनही अधिक चालतो. दुखणे थांबले म्हणून मध्येच थेंब सोडणाऱ्यांची जखम पुन्हा उसळलेली मी पाहिली आहे.

मग हेच औषध कशाला, अधिक जोरकस का नको, असे दीर विचारतील. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच देशातून आले आहे. तामिळनाडू आणि पुदुच्चेरीतील अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर नॅटामायसिन आणि त्याहून नवे, महागडे व्होरिकोनॅझोल यांची थेंबांच्या रूपात तुलना झाली. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जुने नॅटामायसिन सरस ठरले. विशेषतः फ्युजेरियम या शेतातल्या मातीत आणि पाल्यावर वाढणाऱ्या बुरशीत हा फरक ठळक होता. त्यानंतर भारत आणि नेपाळमधील २४० रुग्णांना थेंबांच्या जोडीला व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या देऊन पाहिल्या. डोळा फुटण्याचे किंवा बुबुळ बदलण्याचे प्रमाण त्याने एकूणात कमी झाले नाही, उलट यकृताला त्रास आणि इतर दुष्परिणाम वाढले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये नॅटामायसिनचे थेंब अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. तेव्हा तुमच्या डॉक्टरांची निवड चुकलेली नाही. जखम खोल असेल तर ते गोळ्या देऊ शकतात, अ‍ॅस्परजिलस किंवा कँडिडा या जातींची बुरशी निघाली तर अ‍ॅम्फोटेरिसिन-बीचे थेंब तयार करून घेऊ शकतात. हे निर्णय बुरशीच्या जातीवर आणि जखमेच्या खोलीवर ठरतात, औषधाच्या किमतीवर नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही : नमुन्याचे कल्चर, म्हणजे त्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची चाचणी, लावले होते का? सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दिसले की बुरशी असे तासाभरात सांगता येते, आणि ते योग्यच आहे, कारण उपचार त्याच दिवशी सुरू करता येतो. कोणती बुरशी हे मात्र कल्चर सांगते आणि त्याला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. इथे एक बहुरूपी आहे, त्याचे नाव पिथियम. ते ओल्या शेतात, साचलेल्या पाण्यात असते, सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब बुरशीसारखे दिसते, पण बुरशी नाही. नॅटामायसिन बुरशीच्या आवरणातल्या ज्या घटकाला चिकटते तो घटक पिथियममध्ये नसतोच, त्यामुळे महिनाभर थेंब घातले तरी ते ढिम्म राहते. त्यावर लिनेझोलिड आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही वेगळी औषधे वापरतात. अकांथअमीबा नावाचा सूक्ष्मजीवही अशीच फसगत करतो. तुमच्या सासऱ्यांना हेच झाले आहे असे माझे म्हणणे नाही. पण हलवलेले, पूर्ण मात्रेचे औषध आठवडाभर जाऊनही जखम वाढतच राहिली, तर आणखी एक नवे औषध मागण्याऐवजी पुन्हा नमुना घेऊन कल्चर करावे का, हा प्रश्न तुम्ही विचारायला हवा. शिवाय सासऱ्यांची रक्तातली साखर तपासलेली नसेल तर उद्याच तपासा. आपल्याकडे डोळ्याच्या जखमेमुळे मधुमेह पहिल्यांदा कळलेली माणसे पुष्कळ आहेत. जेवणाचे म्हणाल, तर वांगे, आंबट, वातूळ यांच्या पथ्याचा या जखमेशी संबंध नाही. साखर वाढलेली निघाली तर तिचे पथ्य मात्र कडक पाळा.

आता सासूबाई आणि त्या जाणकारांविषयी. मी त्यांना नावे ठेवणार नाही. रात्री-बेरात्री धावून येणारी माणसे गावात तीच असतात. पण पाल्याचा रस, मध, एरंडेल, आईचे दूध, धण्याचे पाणी यांपैकी काहीही उघड्या जखमेत जाताना निर्जंतुक नसते आणि ज्या पाल्यावर ही बुरशी राहते तोच पाला वाटून आपण तिच्या घरात पाठवतो. सासूबाईंना हे वादात सांगू नका. त्यांना कापराच्या वासाचा, देवघरातल्या अंगाऱ्याचा आधार वाटत असेल तर तो कपाळापर्यंत असू द्या, पापणीच्या आत नको. जिभेने कुसळ काढणाऱ्या आजींनाही दोष देऊ नका, फक्त पुढच्या वेळी ते करू देऊ नका; तोंडातले जंतू ओरखड्यात जातात आणि जीभ फिरताना ओरखडा मोठा होतो.

दिरांचा हैदराबादचा आग्रह मला चुकीचा वाटत नाही, त्याची रीत चुकीची वाटते. दुसरे मत घेणे आणि पहिला उपचार मोडून शून्यापासून सुरुवात करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. बुरशीच्या जखमेत औषधाविना गेलेले दोन दिवस महागात पडतात आणि डॉक्टर बदलताना नेमके तेच दोन दिवस वाया जातात : एक दिवस ठरवण्यात, एक प्रवासात. जायचे असेल तर सध्याच्या डॉक्टरांना सांगून, त्यांची चिठ्ठी घेऊन जा. खरवडलेल्या नमुन्याचा अहवाल, कल्चर लावले असेल तर त्याचा, सगळ्या बाटल्या आणि तुमची वही सोबत असू द्या, आणि प्रवासातही दर तासाचा थेंब चालू ठेवा. कधी कधी कॉर्नियाचे डॉक्टर पुन्हा नमुना घेण्यापूर्वी मुद्दाम एखादा दिवस औषध थांबवायला सांगतात. ते त्यांनी सांगितले तरच करायचे. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था १९८७ पासून काम करते आणि परभणी-नांदेडकडची माणसे रेल्वेने तिकडे जातच असतात. पण त्याआधी जवळची दारेही पाहा. नांदेड, लातूर, अंबाजोगाई आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभाग आहेत, जालन्यात श्री गणपती नेत्रालय आहे. निघण्यापूर्वी फोन करून कॉर्नियाचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात तेवढे विचारा, म्हणजे सोमवारी गेलात आणि ते गुरुवारी येतात, असे होणार नाही. शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार दाखवून महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे दाखल होण्याआधीच विचारून घ्या.

आता सासऱ्यांच्या नकाराकडे येतो. तुमच्या पत्रातला सर्वांत अवघड भाग मला तोच वाटला. ‘दुसऱ्याचा डोळा नको’ या वाक्यात एक गैरसमज आहे आणि एक भीती. गैरसमज दूर करणे सोपे आहे : बुबुळ बदलणे हा बोलीतला शब्द आहे, अख्खा डोळा कोणी बदलत नाही आणि तसे करताही येत नाही. पुढच्या त्या पारदर्शक पडद्याची खराब झालेली गोल चकती कापून काढतात आणि मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कोणाच्या तरी घरच्यांनी दान केलेल्या डोळ्यातली तेवढीच चकती केसाहून बारीक धाग्याने शिवतात. डोळ्याचा रंग, नजरेची ओळख, माणूसपण काही बदलत नाही.

भीती मात्र खरी आहे आणि तिला खोटा दिलासा देऊ नये. मोतीबिंदूसारखी दुसऱ्या दिवशी लख्ख दिसण्याची ही शस्त्रक्रिया नाही. चालू संसर्गात केलेल्या या शस्त्रक्रियेचा पहिला हेतू संसर्ग मुळासकट काढणे आणि डोळा वाचवणे हा असतो. दृष्टी हा दुसरा हेतू. नव्या पडद्याच्या कडेला बुरशी पुन्हा उगवू शकते, शरीर तो पडदा नाकारू शकते, आणि एरवी अशा शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू करतात ते स्टेरॉइडचे थेंब बुरशीच्या धास्तीने सुरुवातीला देता येत नाहीत, त्यामुळे तो पडदा धूसर होण्याची शक्यता अधिक असते. डोळा शांत झाल्यावर काही महिन्यांनी, केवळ नजरेसाठी, दुसरे रोपण करता येते. हे सगळे सासऱ्यांना आधी सांगा. नंतर कळले तर त्यांना फसवल्यासारखे वाटेल.

पण ‘एक डोळा पुरे’ या हिशोबाला मी मान्यता देणार नाही. त्यांना वाटते, नकार दिला की उजवा डोळा आहे तसा, थोडा अधू, राहील. तो तसा राहत नाही. बुरशी पडद्याच्या मागच्या अंगाला पोहोचली, पडदा पातळ होऊन फुटला किंवा संसर्ग डोळ्याच्या आत उतरला, तर प्रश्न नजरेचा उरत नाही, बुबुळासकट डोळा काढण्याचा येतो आणि तोपर्यंतचे दुखणे माणसाला झोपू देत नाही. शिवाय जखम कडेपर्यंत पसरली की चकती मोठी घ्यावी लागते आणि मोठ्या चकतीचे भवितव्य कमी चांगले असते. म्हणजे शस्त्रक्रिया लागणारच असेल, तर ती वेळेत होण्याला मोल आहे. छोटे छिद्र पडले तर खास गोंद लावून ते बुजवण्याचा उपायही काही वेळा पुरतो. उलट बाजूने, औषधानेच जखम भरली तर तिच्या जागी फूल, म्हणजे पांढरा डाग, राहील. ते मधोमध असेल तर नजर अधू राहील, त्यावर पुढे कॉन्टॅक्ट लेन्स किंवा रोपणाचा विचार करता येतो; कडेला असेल तर कदाचित काहीच करावे लागणार नाही.

मग बाटली हलवून आठवडाभर पाहायचे की नाही? मला विचाराल, तर पाहावे, पण एका अटीवर : साक्याची हकिकत आधी डॉक्टरांना सांगून, आणि पडदा पातळ झालेला नाही असे त्यांनी तपासून सांगितल्यावर. जखम हटत नाही हा त्यांचा निष्कर्ष डोळ्यात पूर्ण मात्रा जात होती या समजुतीवर आधारलेला आहे. ही हकिकत कळली की त्यांचा विचार बदलू शकतो. न बदलला, पडदा पातळ झाला आहे असे ते म्हणाले, तर ‘आता तर कुठे खरे औषध सुरू झाले’ या आशेवर शस्त्रक्रिया लांबवू नका. दोन्ही शक्यता मनात ठेवून जा. मी डोळा पाहिलेला नाही, त्यांनी पाहिला आहे.

तोपर्यंत काही गोष्टी सांभाळा. दोन औषधांमध्ये किमान पाच-दहा मिनिटांचे अंतर ठेवा, नाही तर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. अ‍ॅट्रोपिनने बाहुली मोठी होते आणि जवळचे धूसर दिसते. नजर आणखी गेली असे समजून ते बंद करू नका, ठणका कमी होतो तो त्यानेच. डोळ्यावर पट्टी बांधू नका, काळा चष्मा पुरे. बाटलीचे तोंड पापणीला लागू देऊ नका, आणि ती चुलीजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. डोळ्यातून एकदम पाणी वाहिले आणि लगेच दुखणे उतरल्यासारखे वाटले, पांढऱ्या जखमेत काळसर ठिपका दिसला, पुवाची पातळी चढली किंवा ठणका अचानक वाढला, तर तारखेची वाट पाहू नका; डोळा न दाबता, न धुता, त्याच दिवशी निघा. पाणी वाहून दुखणे थांबणे हे बरे होण्याचे नव्हे, पडदा फुटल्याचे लक्षण असू शकते, आणि नेमक्या त्याच वेळी घरची माणसे निश्चिंत होतात.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन वाक्ये. ऊसतोड सुरू आहे, पुढे तूर आणि ज्वारी येईल. मळणी यंत्रापुढे आणि उसाच्या फडात प्लास्टिकचा साधा चष्मा घाला, आणि पाला, कुसळ, भुसकट लागलेला डोळा दुसऱ्या दिवशी लाल असेल तर दुकानाऐवजी नेत्रतज्ज्ञांकडे जा, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत पकडलेली बुरशी आणि आठव्या दिवशी पकडलेली बुरशी यांत फार अंतर असते.

ताई, पुढच्या तपासणीला जाताना चालू बाटली तर न्याच, आणि आधीच्या तीन रिकाम्या बाटल्या टाकल्या नसतील तर त्याही पिशवीत घ्या. उजेडात धरून तळाशी किती पांढरे राहिले आहे ते डॉक्टरांना पाहू द्या. मग त्यांच्यासमोर बाटली हलवा आणि एक थेंब सासऱ्यांच्या डोळ्यात घालून दाखवा. बरोबर घालता की नाही, ते त्यांनाच सांगू द्या. दिरांनाही आत बोलवा.